पॅसेंजरच्या मापाची गाडी: साइडकार रेसिंगच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून काम सुरू. जागा म्हणजे इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमधल्या एका घरामागचं गॅरेज, मधे स्टँडवर गाडी, कोपऱ्यात एक हीटर आणि बाहेर सगळं गोठलेलं. थोडी पार्श्वभूमी आधीच लिहून ठेवतो म्हणजे पुढच्या नोंदी वाचताना लिंक लागेल. माझ्या कामावरचे एक सीनियर फिटर कित्येक वर्षं साइडकार रेसिंग करतायत, क्लब लेव्हलला, सहाशे सीसीची आउटफिट (बाइक आणि साइडकार मिळून एकच तीनचाकी गाडी) आहे. त्यांचा जुना पॅसेंजर खांद्याच्या दुखण्यामुळे थांबला आणि यंदापासून त्यांची मुलगी पॅसेंजर म्हणून उतरणार. मी सस्पेन्शनमधे काम करतो म्हणून मला विचारलं, मी लगेच हो म्हटलं. नोंदींमधे नावं लिहीत नाही, वडील आणि लेक एवढं पुरे.

आपल्याकडे साइडकार म्हटलं की स्कूटरला जोडलेला डबा आठवतो, त्यात बायको आणि तिच्या मांडीवर पोरगं. रेसिंगच्या साइडकारचा त्याच्याशी नावापुरताच संबंध. ड्रायव्हर गुडघ्यांवर, जवळजवळ पालथा पडून चालवतो आणि पॅसेंजरला सीट नसते, बेल्ट नसतो, फक्त एक सपाट प्लॅटफॉर्म आणि धरायला ठिकठिकाणी पाइपचे ग्रिप. आमच्या गाडीला हा प्लॅटफॉर्म, म्हणजे इथल्या भाषेत चेअर, डावीकडे आहे. तीन चाकांमुळे गाडी सोलो बाइकसारखी वळणात झुकू शकत नाही, मग ते काम माणसाने करायचं. डावं वळण आलं की भार उजवीकडे जातो आणि चेअरचं चाक उचललं जायला बघतं, तेव्हा पॅसेंजर डावीकडे बाहेर लटकून, अगदी रस्त्याला घासेल इतका खाली जाऊन ते चाक दाबून धरतो. उजव्या वळणात उलटं होतं, भार चेअरच्या चाकावर जातो आणि मागचं चाक, म्हणजे इंजिनची ताकद ज्याला मिळते ते एकमेव चाक, हलकं पडून नुसतंच फिरायला लागतं, तिथे पॅसेंजर ड्रायव्हरच्या मागून, मागच्या चाकावर चढून उजवीकडे झुकतो. मी मालवणकडचा, आमच्याकडे होडीला उलांडी असते, म्हणजे दांड्यांनी बाजूला जोडलेला तरंगता ओंडका, वारा वाढला की एकजण उठून उलांडीच्या दांड्यावर जाऊन बसतो आणि होडी आडवी होत नाही. लहानपणापासून ते बघितल्यामुळे मला ह्यातलं मर्म पटकन कळलं, फक्त इथे ते दर काही सेकंदांनी, दोन्ही बाजूंना आणि ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे करायचंय.

आता काम काय ते. जुना पॅसेंजर सहा फुटांच्या वर, लेक पाच फूट तीन इंच. सगळे ग्रिप त्याच्या हातांच्या मापाने वेल्ड केलेले. आज तिला गाडीवर नुसतं चढवून बघितलं तर डावीकडून उजवीकडे जाताना एका जागी तिला दोन्ही हात सोडावे लागतात. क्षणभरच, पण तो क्षण कोणत्याच ट्रॅकवर परवडणारा नाही. वडील म्हणाले, तिला सवय होईल. मी म्हटलं, तिने गाडीची सवय करून घेण्यापेक्षा आपण गाडी तिच्या मापाची करू. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग ग्राइंडर कुठे ठेवलाय ते दाखवलं.

१९ जानेवारी

कापाकापी आज केली नाही. आधी पीव्हीसी पाइपचे तुकडे होज क्लिपने फ्रेमला बांधून खोटे ग्रिप तयार केले, क्लिप सैल करून कुठेही सरकवता येतात. लेक पूर्ण लेदर, बूट, ग्लव्ह्ज, हेल्मेट घालून चेअरवर, वडील त्यांच्या जागी पालथे आणि मी बाजूला उभा राहून ओरडतोय, डावं, सरळ, उजवं, सरळ. मोबाइल ट्रायपॉडवर लावून सगळं शूट केलं आणि नंतर एकेक फ्रेम थांबवत बघितलं.

नियम एकच ठेवला, एक हात नव्या ग्रिपवर घट्ट बसल्याशिवाय दुसरा जुन्या ग्रिपवरून सुटता कामा नये. डाव्या लटकण्यातून उठताना तिचा उजवा हात मधल्या ग्रिपवर तसाच राहतो, डावा हात पुढच्या ग्रिपवरून सुटून ड्रायव्हरच्या पाठीमागच्या आडव्या पाइपवर येतो आणि तो तिथे बसला की मगच उजवा सुटून उजव्या टोकाच्या उभ्या ग्रिपवर जातो. लिहायला इतकं लागलं, ती हे सगळं एका सेकंदाच्या आत करते. आडवा पाइप जुन्या जागेपासून साधारण वीतभर डावीकडे आणल्यावर तिचं अंतर जुळलं.

एक गोष्ट तिच्याकडून कळली जी आम्हा दोघांनाही सुचली नव्हती. ती इनडोअर क्लायंबिंग करते आणि तिचं म्हणणं, हातांचं नंतर बघा, आधी पाय कुठे अडकवायचा ते ठरवा, पाय पक्का असेल तर हातांवर जोरच येत नाही. उजव्या पोझिशनला तिचा डावा बूट प्लॅटफॉर्मच्या कडेला टेकत होता आणि घसरत होता. तिथे एक छोटी उभी पट्टी, बुटाच्या टाचेला अडेल अशी, पुठ्ठ्याची करून चिकटवली आणि पुन्हा शूट केलं. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितले तर फरक लहान मुलालाही दिसेल, पहिल्यात तिचे कोपर थरथरतायत, दुसऱ्यात शांत आहेत.

२६ जानेवारी

आजचा दिवस मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडला. तिन्ही चाकांखाली एकेक वजनकाटा ठेवला (कामावरून रीतसर परवानगी घेऊन आणलेले), वडील त्यांच्या जागी आणि लेक एकेका पोझिशनमधे थांबायची, मी आकडे लिहून घ्यायचे. गाडी पेट्रोलसकट २४०, वडील ८२, लेक सगळ्या गिअरसकट ५८, एकूण ३८० किलो.

ती चेअरवर मधे पडून असताना पुढच्या चाकावर १३५, मागच्यावर १५६, चेअरच्या चाकावर ८९. डावीकडे पूर्ण बाहेर लटकल्यावर पुढे १२७, मागे १३२, चेअरवर १२१. उजवीकडे मागच्या चाकावर चढल्यावर पुढे १३१, मागे २०४, चेअरवर फक्त ४५.

हे आकडे नीट बघा. मागच्या चाकावर १३२ ते २०४, म्हणजे ७२ किलोचा फरक आणि तो पाडणारी व्यक्ती ५८ किलोची. सुरुवातीला वडिलांना वाटलं काटा बिघडलाय. काटा बरोबर आहे, ती उजवीकडे गेली की तिचं स्वतःचं वजन तर मागच्या चाकावर येतंच, शिवाय तरफेसारखी ती चेअरचं चाक किंचित उचलते आणि तिथला भारसुद्धा मागच्या चाकाकडे वळतो. मी नोकरीत स्प्रिंग, डॅम्पर, अँटी-रोल बार ह्यांच्याशी रोज खेळतो आणि कुठलाही पार्ट बदलून चाकावरच्या भारात इतका फरक मला आजवर मिळवता आलेला नाही. ड्रायव्हरच्या हातात हँडल, थ्रॉटल आणि ब्रेक, पण थ्रॉटल उघडल्यावर टायर पकडणार की फिरणार हे पॅसेंजरच्या हातात. वडिलांनी इतक्या वर्षांत हे अंगाने ओळखलं होतं, आकड्यात पहिल्यांदाच बघितलं. कागद त्यांनी फ्रिजवर लावलाय.

९ फेब्रुवारी

वेल्डिंगचा गॅस संपला, दुकान बंद, त्यामुळे आज काम कमी आणि गप्पा जास्त. वडिलांकडे जुन्या रेसिंगच्या मासिकांचा गठ्ठा आहे, लेक तो चाळत बसली होती आणि त्यातून बरंच निघालं, इथे लिहून ठेवतो कारण आपल्या कामाशी थेट संबंध आहे.

आइल ऑफ मॅन टीटीला, म्हणजे ब्रिटनजवळच्या त्या बेटाच्या रस्त्यांवर होणाऱ्या मोटरसायकल रेसला, साइडकारची पहिली रेस १९२३ ला झाली, जिंकले फ्रेडी डिक्सन आणि त्याचा पॅसेंजर वॉल्टर डेनी, सरासरी ताशी ५३ मैलांच्या थोडी वर. गाडी डग्लस आणि तिची खुबी अशी की चेअरचं चाक वरखाली करता यायचं, त्याची लिव्हर पॅसेंजरच्या हातात. वळण आलं की डेनी लिव्हर हलवून अख्खी गाडी वळणाच्या आत झुकवायचा. म्हणजे तिथली पहिलीच रेस अशा गाडीने जिंकली जिच्यात तोल सांभाळायचं काम उघड उघड पॅसेंजरकडे सोपवलेलं होतं.

मग १९४९, वर्ल्ड चॅम्पियनशिपचं पहिलं वर्ष, साइडकारचा चॅम्पियन एरिक ऑलिव्हर, नॉर्टन बाइकवर, पॅसेंजर डेनिस जेन्किन्सन. मोटर रेसिंगवाल्यांना हे नाव दुसऱ्याच कारणासाठी माहीत असतं, १९५५ ची मिले मिलिया. इटलीतल्या उघड्या रस्त्यांवर सुमारे हजार मैल, मर्सिडीजमधे स्टर्लिंग मॉस चालवतोय आणि शेजारी जेन्किन्सन, आधी फिरून काढलेल्या रस्त्याच्या नोंदी एका लांब कागदावर, तो कागद रोलरच्या डबीत गुंडाळलेला, एकेक वळण वाचून हाताच्या खुणांनी मॉसला सांगतोय. १० तास ७ मिनिटं आणि वर काही सेकंदांत ते पहिले आले. दुसऱ्याच्या हातात आपला जीव देऊन शेजारी शांत डोक्याने काम करायचं हे तो साइडकारवर शिकला होता असं मला ठामपणे वाटतं.

आणि तिसरी गोष्ट १९७८ ची. स्विस ड्रायव्हर रॉल्फ बिलांडने बीईओ नावाची गाडी आणली, कारसारखं सस्पेन्शन, पॅसेंजर केनी विल्यम्सला जवळजवळ कामच उरलं नाही. ते चॅम्पियन झाले. त्यावर इतका गदारोळ झाला की १९७९ ला दोन वेगळे क्लास करावे लागले, पारंपरिक गाड्यांचा एक आणि असल्या नव्या गाड्यांचा दुसरा, आणि शेवटी ज्या गाडीत पॅसेंजर हालतो तीच साइडकार हे पक्कं झालं. ह्यावर वडील म्हणाले, पॅसेंजरला कामच नसेल तर ती कार झाली, मग कारच घ्यावी की. मला इंजिनिअर म्हणून बीईओचं कौतुक वाटतं, तरी निर्णय योग्य होता. दोन माणसांनी मिळून एक गाडी वळवायची ह्यासाठीच तर हा खेळ आहे.

लेकीने स्वतः एक यादी करून भिंतीवर लावलीये. इंगे श्टोल १९५४ ला टीटीत पॅसेंजर, तिथे उतरलेली पहिली बाई. फिनलंडची किर्सी काइनुलाइनेन २०१६ ला पेक्का पाइवारिंटाबरोबर वर्ल्ड चॅम्पियन. फ्रान्सची एमान्युएल क्लेमों २०२२ ला टॉड एलिसबरोबर वर्ल्ड चॅम्पियन.

१६ फेब्रुवारी

जुने ग्रिप कापले, नवे वेल्ड केले. २२ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा स्टील पाइप, वर पातळ टेप. जाड रबर घालायचा विचार होता पण तिचा हात लहान आहे, ग्रिप जाड झाला की बोटं पूर्ण वळत नाहीत आणि मग पकड अंगठ्यावर येते. टाचेची पट्टी अॅल्युमिनियमची केली, कडा घासून गोल. पेंट पुढच्या वेळी.

२ मार्च

आज गाडीला हातही लावला नाही आणि तरी सगळ्यात महत्त्वाचं काम आज झालं असं म्हणेन.

प्रश्न असा होता की वडिलांच्या अंगात जुन्या पॅसेंजरचं टायमिंग भिनलेलं आहे. तो उंच, एका लांब हालचालीत पलीकडे पोचायचा, त्यामुळे वडील उशिरा ब्रेक मारून लगेच हँडल वळवायचे. लेकीची हालचाल दोन टप्प्यांत होते. शिवाय कडक ब्रेकिंगमधे शरीर पुढे फेकलं जातं, तेव्हा हात बदलणं म्हणजे धोका, म्हणून निम्मी हालचाल ब्रेक लागायच्या आधी उरकायची आणि उरलेली ब्रेक सुटता सुटता. आता रेसमधे बोलता तर येत नाही, इंजिनचा आवाज आणि वारा, मग ड्रायव्हरला कळणार कसं की मागचा माणूस जागेवर पोचला? वडिलांचं उत्तर, फ्रेममधून कळतं. पॅसेंजर बसला की गाडी मऊ वाटते, हवेत असेल तर हँडल हलकं लागतं. खरं असेल, पण ते कळायला त्या माणसाची सवय लागते आणि सवय लागेपर्यंत काहीतरी ठरलेलं पाहिजे.

म्हणून मॅलरी पार्कचा नकाशा मोठा प्रिंट करून टेबलावर पसरला. सव्वा मैलापेक्षा जरा मोठा ट्रॅक, जेरार्ड्स नावाचं न संपणारं उजवं वळण, वरच्या टोकाला शॉज हेअरपिन, तेही उजवं आणि अगदी आवळलेलं, आणि शेवटी उतारावर डेव्हिल्स एल्बो, डावं. प्रत्येक वळणासाठी एक खूण ठरवली, बोर्ड, कर्बची सुरुवात, डांबराचा रंग बदलतो ती जागा. त्या खुणेला ती हालायला सुरुवात करणार, दुसऱ्या खुणेला पोचलेली असणार आणि त्या दुसऱ्या खुणेआधी वडील हँडल वळवणार नाहीत. ह्यावर थोडं वाजलं. वडील म्हणाले, म्हणजे मी हळू जाऊ? लेक म्हणाली, डॅड, हळू नाही, माझ्यासाठी थांब, एवढंच. नंतर चहा झाला आणि त्यांनी स्वतःच पेन घेऊन हेअरपिनची खूण थोडी अलीकडे सरकवली.

जेवताना ती डोळे मिटून खुर्चीवर बसून अख्खा लॅप म्हणत होती, हातांसकट. शेजारी वडील त्यांच्या गिअर्ससकट. दोघं एकत्र सुरू झाले की जेरार्ड्समधे वडील आधी बाहेर पडायचे, दोनचार वेळा केल्यावर जुळलं.

१६ मार्च

पेंट, ग्रिप टेप, गुडघ्याखाली फोम. डेटा लॉगर बसवला, थ्रॉटल, ब्रेक, जायरो (गाडी किती झटक्यात फिरते ते मोजणारा सेन्सर) आणि जीपीएस. कॅमेरा चेअरकडे तोंड करून. सगळे बोल्ट मार्करने खूण करून घट्ट.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी घरी गुढी उभारली, कडुनिंब इथे मिळाला नाही, गूळ-खोबरं खाल्लं आणि निघालो. आजच घड्याळं तासभर पुढे गेली त्यामुळे झोप अर्धवट. मॅलरी पार्कला टेस्ट डे, थंडी होती पण ट्रॅक कोरडा.

पहिलं सेशन मुद्दाम हळू, फक्त खुणा पाळायच्या. दुसऱ्यापासून वडिलांनी वेग वाढवला आणि मी पिट वॉलवरून बघत होतो, खरं सांगतो, पहिल्यांदा ती डेव्हिल्स एल्बोला पूर्ण बाहेर आली आणि हेल्मेट रस्त्यापासून फूटभर उंचीवरून सणकन गेलं तेव्हा मी श्वास रोखून धरला होता.

लॅपटॉपवर जे दिसलं ते असं. हेअरपिनमधून बाहेर पडताना थ्रॉटल लवकर उघडतोय आणि मागचं चाक जागच्या जागी नुसतंच फिरत नाहीये, त्याच्यावरचे ते २०४ किलो काम करतायत. डाव्या बाजूला पण छान. अडचण दोन ठिकाणी. एक, ती उजव्या पोझिशनला पोचताना शेवटी धपकन बसते, जायरोच्या रेषेत त्या जागी दरवेळी एक टोक येतं आणि वडिलांनाही हँडलमधे झटका जाणवतो. त्यांनी मला सांगायच्या आधीच आलेखात दिसला होता. दोन, जेरार्ड्स. ते वळण इतकं लांब आहे की ती उजवीकडे लटकून बराच वेळ तशीच असते आणि पूर्ण भार उजव्या मनगटावर. सेशन संपल्यावर तिच्या हाताला हेल्मेटचा पट्टा उघडत नव्हता, वडिलांनी उघडला. दोघं काही बोलले नाहीत, मग तिने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, शेवटच्या तीन लॅपला तू प्रत्येक खुणेला थांबलास. वडिलांचा चेहरा मी बघितला, मला वाटतं टायमिंगचा प्रश्न तिथेच सुटला.

६ एप्रिल

उजवा ग्रिप ३० मिलिमीटर खाली आणि किंचित आत तिरका केला, आता मनगट सरळ राहतं आणि भार कोपरावर, खांद्यावर वाटला जातो. सीटच्या मागे, मागच्या चाकाच्या कव्हरवर तिच्या कमरेला टेकायला एक फोमचा उंचवटा दिला, त्यावर घसरत जाऊन बसता येतं, त्यामुळे धपका जायला हवा. स्टँडवर केलं तर गेला. उजवीकडे लटकलेल्या अवस्थेत घड्याळ लावून थांबायची प्रॅक्टिस ती रोज घरी करतेय.

संध्याकाळी टीटीचे ऑनबोर्ड व्हिडिओ लावले. २०२३ ला बेन आणि टॉम बर्चल, ताशी १२०.६४५ मैलांचा लॅप, साइडकारसाठी १२० च्या वर जाणारे ते पहिलेच, ३७.७३ मैलांचा डोंगरातला कोर्स पावणेएकोणीस मिनिटांत. भाऊ भाऊ, बेन चालवतो आणि टॉम पॅसेंजर. २०२४ ला दोन्ही रेस रायन आणि कॅलम क्रो ह्यांनी जिंकल्या, तेही सख्खे भाऊ आणि वडील निक क्रो स्वतः टीटी जिंकलेले. टॉमचं काम आवाज बंद करून बघा. बेनच्या हातांनी हँडल वळवायला घ्यायच्या आधी टॉम पोचलेला असतो, हालचाल सुरू कधी झाली तेच कळत नाही, आणि सरळ रस्ता आला की वाऱ्याला दिसणारच नाही असा चपटा होऊन पडतो. लेकीने तोच तुकडा परत परत लावून टॉमचे फक्त पाय बघितले.

२७ एप्रिल

सीझनची पहिली क्लब मीटिंग. दोन रेस, दोन्ही पूर्ण केल्या, मधल्या फळीत आलो आणि दुसऱ्या रेसमधला लॅप टेस्ट डेच्या कुठल्याही लॅपपेक्षा चांगला. जायरोचं ते टोक गेलंय, एका जागी बारीकसं राहिलंय जिथे ट्रॅकला उंचवटा आहे. मनगटाची तक्रार नाही, खांदा दुखतोय म्हणाली, तो दुखणारच.

दुसऱ्या रेसमधे शेजारची गाडी घसरून समोर आली तेव्हा वडिलांना खुणेच्या बरंच आधी वळवावं लागलं. नकाशात हे कुठेच नव्हतं. कॅमेऱ्यात दिसतं की वडिलांचा खांदा हलला त्याच फ्रेमला लेक उठलीये, ब्रेकची लाइन वर जायच्याही आधी. मी विचारलं, कसं कळलं? म्हणाली, डॅडचा उजवा गुडघा दाबला गेला की तो वळणार हे मला प्लॅटफॉर्ममधून कळतं. म्हणजे वडील जे फ्रेममधून कळतं म्हणत होते ते आता दोन्ही बाजूंनी सुरू झालंय.

पुढची कामं: पावसासाठी वेगळी ग्रिप टेप, ओल्या ग्लव्ह्जने आडवा पाइप घसरतो अशी तिची तक्रार आहे. टाचेच्या पट्टीच्या एका बोल्टवरची मार्करची खूण सरकलेली दिसली, लॉकनट टाकायचा. कॅडवेल पार्कचा नकाशा प्रिंट करायचा, आणि ह्या वेळी खुणा लेक ठरवणार, वडिलांनी स्वतःच सुचवलं.